होरायझन झीरो डॉन: नऊ ग्रीक देव, आईची हाडं आणि आंधळी आशा

निळाडोंगर

(धाग्यात शेवटापर्यंतची सगळी गोष्ट उघड केली आहे. ज्यांचा खेळायचा बाकी आहे त्यांनी आधी खेळून या.)

परवा रात्री ‘होरायझन झीरो डॉन’ हा व्हिडिओ गेम दुसऱ्यांदा संपवला. पहिल्या खेपेला यंत्रांच्या शिकारीत इतकी गुंतले होते की गोष्ट कानावरून गेली. या खेपेला ठरवूनच बसले. सापडेल ती ध्वनिफीत थांबून पूर्ण ऐकायची, सापडेल ते टिपण वाचायचं, आणि शेजारी ग्रीक कवी हेसिअड नि रोमन कवी ओव्हिड ठेवायचे. दीड महिना लागला. या खेळातल्या ग्रीक पुराणाबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण ते बहुतेक वेळा नावांपाशीच थांबतं. मला त्याच्या खाली काहीतरी दिसलं, म्हणून हा धागा.

गोष्ट आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲमस्टरडॅमच्या गरिला गेम्सने हा खेळ २०१७ साली आणला. टेड फॅरो या उद्योगपतीची लढाऊ यंत्रं २०६४ मध्ये त्याचंच ऐकेनाशी होतात. ही यंत्रं स्वतःसारखी दुसरी यंत्रं घडवतात आणि इंधन म्हणून झाडं, जनावरं, माणसं, जे जिवंत असेल ते खातात. त्यांना बंद करणारा संकेत शोधायला कित्येक दशकं लागणार, आणि पृथ्वीच्या हाती दीड वर्षसुद्धा नाही. तेव्हा एलिझाबेट सोबेक ही शास्त्रज्ञ सांगते की हे जग वाचणार नाही, पण मेलेल्या जगावर पुन्हा पेरणी करता येईल. त्यासाठी ती ‘गाया’ ही कृत्रिम बुद्धिमत्ता घडवते आणि तिच्या हाताखाली नऊ उपयंत्रणा देते.

मिनर्व्हा त्या यंत्रांचा कुलूपसंकेत फोडणार. हेफेस्टस नवी यंत्रं घडवणार. ईथर हवा आणि पोसायडन पाणी शुद्ध करणार. डिमीटरकडे वनस्पती, आर्टेमिसकडे प्राणी, एलुथियाकडे माणसाची मुलं जन्माला घालणं. अपोलो त्या मुलांना मानवजातीचं सगळं ज्ञान शिकवणार. आणि एखादा प्रयत्न फसला, तर झालेलं सगळं पुसून गायाला पुन्हा कोरी जमीन देण्याचं काम हेडीसकडे.

इथवर सगळ्यांना माहीत आहे, आणि कामांची वाटणी बरीचशी चपखल आहे. हेडीसबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. लोक म्हणतात, खेळाने हेडीसला उगाच खलनायक केलं, मूळचा हेडीस असा नाही. मूळचा हेडीस खरंच विनाशक नाही. तो मेलेल्यांचा राखणदार. जमिनीखालून धान्य आणि धातू येतात म्हणून त्याला प्लूटॉन, म्हणजे संपत्तीवाला, असंही म्हणत. पण खेळातल्या हेडीसचं मूळ काम नीट पाहिलंत तर तोही राखणदारच आहे. जी सृष्टी जगू शकत नाही, ती त्याच्या ताब्यात जाते. बाहेरून आलेल्या एका अज्ञात संकेताने त्याचं डोकं फिरलं, ही पुढची गोष्ट.

आता मला जे म्हणायचं आहे ते.

पहिलं, आंधळी आशा. एलिझाबेटच्या योजनेला, म्हणजे ‘झीरो डॉन’ला, वेळ हवा होता. तो मिळवण्यासाठी सेनापती आरन हेरेसने ‘एन्ड्युरिंग व्हिक्टरी’ नावाची मोहीम चालवली. लोकांना सांगितलं गेलं की झीरो डॉन हे एक महाअस्त्र तयार होतंय, तोवर शत्रूला रोखून धरा. सामान्य माणसांनी बंदुका घेतल्या आणि त्या भरवशावर मेली. अस्त्र नव्हतंच. सनफॉलखालच्या त्या भुयारी केंद्रात योजनेसाठी निवडलेल्या माणसांना खरं सांगितलं जातं, तो प्रसंग मी तीनदा पाहिला. आत आल्यावर त्यांना कळतं की बाहेरचं कुणीच वाचणार नाही. मग तीन वाटा: कामाला लागा, नाहीतर शेवटपर्यंत नजरकैदेत राहा, नाहीतर इथेच शांतपणे मरण पत्करा.

ग्रीक नाटककार इस्किलसच्या नावावर ‘प्रोमेथियस बाउंड’ हे नाटक आहे. त्यात खडकाला जखडलेला प्रोमेथियस समुद्रकन्यांना सांगतो की माणसांना आपला मृत्यू आधीपासून दिसायचा, तो मी दिसेनासा केला. त्या विचारतात, कोणतं औषध दिलंस? तो म्हणतो, त्यांच्यात आंधळ्या आशा पेरल्या. त्या म्हणतात, मोठाच उपकार केलास. आणि त्यानंतर तो म्हणतो की शिवाय मी त्यांना अग्नीही दिला. क्रम बघा. आधी आंधळी आशा, मग अग्नी. एलिझाबेट आणि हेरेस नेमकं हेच करतात. आधी मरणाऱ्यांना खोटी आशा, मग अजून न जन्मलेल्यांसाठी ज्ञानाचा अग्नी. लोक टेड फॅरोला प्रोमेथियस म्हणतात, कारण त्याने तंत्रज्ञान दिलं. मला ते पटत नाही. प्रोमेथियस एलिझाबेट आहे. आणि फॅरो काय करतो? स्वतःला वाचवून झाल्यावर तो अपोलो पुसून टाकतो. हे ज्ञान म्हणजे रोग आहे, नवी माणसं निष्पाप राहू देत, असं म्हणत. मग एलिझाबेटच्या साथीदारांच्या खोलीतली हवा काढून घेतो. अग्नी परत हिरावून घेणारा देवांचा राजा झ्यूस तो आहे.

दुसरं, आईची हाडं. ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या पहिल्याच भागात महापूर येतो आणि ड्यूकॅलियन नि पिऱ्हा एवढी दोघंच उरतात. ड्यूकॅलियन प्रोमेथियसचा मुलगा. थेमिसच्या देवळात त्यांना उत्तर मिळतं: आपल्या थोरल्या आईची हाडं पाठीमागे टाकत जा. पिऱ्हा घाबरते, आईच्या हाडांची विटंबना कशी करायची म्हणून. ड्यूकॅलियनला उलगडतं की थोरली आई म्हणजे पृथ्वी आणि तिची हाडं म्हणजे दगड. ते दगड टाकत जातात, दगड मऊ होतात, ओलसर मातीचा भाग मांस होतो, कठीण भाग हाडं होतात. आणि ओव्हिड एक बारीक गोष्ट सांगतो: दगडात जी शीर होती ती शीरच राहिली, त्याच नावाने. लॅटिनमधला हा श्लेष मराठीत जसाच्या तसा बसतो, हे वाचून अंगावर काटा आला.

आता अलॉय, या खेळाची नायिका. नोरा टोळीने तिला वाळीत टाकलं कारण तिला आई नाही. ती सापडली डोंगराच्या पोटात, एका धातूच्या दारापाशी. नोरा लोक ज्या ‘ऑल-मदर’ची पूजा करतात ती सर्वमाता म्हणजे तो डोंगर, आणि डोंगराच्या आत एलुथियाचं पाळणाघर. तिथे जाण्याच्या प्रसंगाचं नावच ‘डोंगराचं गर्भाशय’ अशा अर्थाचं आहे. अलॉय दारासमोर उभी राहते, दार तिला तपासतं आणि नोंदवही खराब झाल्याचं सांगून नाकारतं. ती इतकी वर्षं ‘माझी आई कोण’ एवढंच विचारत आलेली. उत्तर असं मिळतं की आई ही बाई नाहीच, डोंगर आहे, यंत्र आहे, पृथ्वी आहे. हे ड्यूकॅलियनचंच कोडं आहे. प्रलयानंतरची माणसं दगडातून येतात आणि आईचा अर्थ बदलून घ्यावा लागतो.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः ज्यांनी मूळ ग्रीक कथा वाचल्यात त्यांनी लिहावं.

रानवाट

लेख आवडला, पण थोडा विरोध नोंदवतो. विज्ञानकथांत यंत्रणांना ग्रीक नावं द्यायची जुनी रीत आहे. नासाच्या चांद्रमोहिमेचं नाव अपोलो होतं, आताच्या मोहिमेचं आर्टेमिस आहे. नावांची यादी काढली, कामं वाटली, झालं. एवढ्या खोलात लेखकांनी विचार केला असेल असं मला वाटत नाही. मिनर्व्हाचंच बघा. बाकी सगळी ग्रीक आणि ही एकटी रोमन. अथीना हवं होतं.

निळाडोंगर

@रानवाट, मिनर्व्हाचा मुद्दा मान्य. मलाही ते खटकतं. अथीना म्हणजे युद्धाची बुद्धी. फॅरोच्या सैन्याला न लढता, संकेत शोधून झोपवणारी यंत्रणा अथीनाच असायला हवी होती.

पण यादीवाला तर्क एलुथियाला लागू होत नाही. यादीतून उचललं असतं तर बाळंतपणाच्या देवीचं पुस्तकी नाव आलं असतं, एलिथिया. ‘एलुथिया’ हे रूप फार जुनं आहे, ग्रीसच्या क्रीट बेटावरचं. ते निवडणाऱ्याने शोधाशोध केलेली आहे.

चांदणवेल

एलुथियाचा विषय निघाला म्हणून खाते उघडल्यावर पहिल्यांदाच लिहितेय.

काही वर्षांपूर्वी क्रीटला गेलो होतो. हेराक्लिऑनपासून जवळच ॲम्निसॉस आहे, आणि तिथे टेकडीत या देवीची गुहा. ओडिसीच्या एकोणिसाव्या सर्गात या गुहेचं नाव येतं. आम्ही गेलो तेव्हा फाटकाला कुलूप होतं, त्यामुळे जाळीतूनच बघितलं. आत अंधार, ओल्या दगडाचा वास, आणि मधे जमिनीतून वर आलेले चुनखडीचे खांब. त्यांच्यातल्या एकाभोवती दगडांची बुटकी भिंत घातलेली आहे, देवाभोवती कट्टा असावा तशी. तो खांब बाईसारखा दिसतो. मूर्ती कुणी घडवलेली नाही, डोंगराने स्वतःच दिलेली, आणि शेकडो वर्षं बाया तिच्यापाशी सुखरूप बाळंतपण मागत आल्या.

नोसॉसच्या राजवाड्यात सापडलेल्या मातीच्या पाट्यांमध्ये एक पाटी आहे. ती लिपी मायकेल व्हेंट्रिसने १९५२ साली उलगडली. त्या पाटीवर नोंद आहे की ॲम्निसॉसला, एलुथियाला, मधाचा एक रांजण. होमरच्याही कितीतरी आधीची ही नोंद.

त्यामुळे खेळात अलॉय डोंगराच्या आतल्या त्या दारापाशी गेली तेव्हा मी हातातला कंट्रोलर खाली ठेवला. डोंगराच्या पोटात पाळणाघर, त्याचं नाव एलुथिया, आणि बाहेर म्हाताऱ्या बाया दिवे लावून प्रार्थना करतायत. हे योगायोगाने जुळलं असेल तर तो योगायोगही सुंदर आहे.

निळाडोंगर

@चांदणवेल, किती छान लिहिलंत! मधाच्या रांजणाचं मला माहीत नव्हतं. धागा काढल्याचं सार्थक झालं.

टॉलनेक

माझं आवडतं यंत्र माझ्या नावावरून कळेलच. त्याच्याबद्दल आणि हेफेस्टसबद्दल.

होमरच्या इलियडच्या अठराव्या सर्गात समुद्रदेवी थेटिस हेफेस्टसच्या घरी जाते तेव्हा तो घामाने निथळत वीस तिपाया घडवत असतो. प्रत्येकीच्या पायांखाली सोन्याची चाकं, म्हणजे त्या आपणहून देवांच्या सभेला जातील आणि आपणहून घरी परत येतील. होमर तिथे जो शब्द वापरतो त्याच्यावरूनच पुढे ऑटोमॅटिक हा शब्द आला. पुढे त्याला आधार द्यायला सोन्याच्या दासी येतात, जिवंत मुलींसारख्या, त्यांना बुद्धी आहे, वाचा आहे, हाताला कसब आहे. हे कुठल्याही विज्ञानकथेच्या कित्येक शतकं आधीचं.

या तिपाया म्हणजे कढई ठेवायच्या तिवया. खेळात हेफेस्टस जिथे यंत्रं घडवतो त्या कारखान्यांना काय म्हणतात? कॉल्ड्रन, म्हणजे कढई. आणि त्यांची नावं सिग्मा, रो, क्साय, झीटा, सगळी ग्रीक अक्षरं. हे यादीतून उचललेलं काम नाही, @रानवाट.

आता टॉलनेक, ते उंच मानेचं यंत्र. क्रीटच्या किनाऱ्याभोवती टेलॉस नावाचा काशाचा राक्षस दिवसातून तीन फेऱ्या मारायचा. एका कथेप्रमाणे तो हेफेस्टसनेच क्रीटच्या राजाला, मिनॉसला दिला. त्याच्या अंगात मानेपासून घोट्यापर्यंत एकच शीर आणि घोट्याला खिळा. खिळा काढला की सगळं इकर, म्हणजे देवांच्या अंगातलं रक्त, वाहून जातं आणि तो कोसळतो. टॉलनेकही तसाच ठरलेल्या वाटेवर गोल गोल फिरत राहतो, कुणाकडे बघतसुद्धा नाही. आणि खेळातलं जवळजवळ प्रत्येक यंत्र पाडायची रीत टेलॉसचीच आहे: अंगावरचा डबा हेरा, तो बाणाने उडवा, आतलं द्रव पेटू द्या.

निळाडोंगर

कढईचं पटलं, अगदी पटलं. टेलॉसचं अर्धं पटलं. टेलॉस येणाऱ्या जहाजांवर दगड फेकायचा, पहारेकरी होता. टॉलनेक कुणालाच इजा करत नाही, त्याच्या डोक्यावर चढलात की उलट आजूबाजूचा नकाशा देतो. फेरी सारखी आहे, स्वभाव वेगळा. पण डबा आणि खिळा हे साम्य मी आता प्रत्येक शिकारीत बघणार.

गोदाकाठ

एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. खेळात दोन पुराणे आहेत, एक नव्हे.

फॅरोच्या यंत्रांची नावे पाहावीत. अलॉयच्या काळातले लोक ज्याला करप्टर म्हणतात त्याचे कारखान्यातले नाव स्कॅरब. डेथब्रिंगरचे नाव खोपेश, म्हणजे इजिप्तची वाकडी तलवार. आणि डोंगराएवढे जे महायंत्र, ते होरस. फॅरो हे आडनावच फेअरोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या पदवीच्या, उच्चाराजवळचे आहे. म्हणजे जग संपवणारा तो इजिप्त आणि जग पुन्हा उभारणारा तो ग्रीस, अशी ही विभागणी आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे यामागे एक विचार आहे. फॅरोला चिरंतन व्हायचे आहे. आपले नाव, आपले शरीर, आपले साम्राज्य टिकावे. पिरॅमिड आणि ममी यांच्याशी आपण हीच इच्छा जोडतो. एलिझाबेटने मात्र स्वतःसाठी काहीच राखले नाही. केंद्राच्या दाराची फट बाहेरून बुजवावी लागली तेव्हा ती स्वतः बाहेर गेली आणि परत आत येऊ शकली नाही. ग्रीक देव मानवाला अमरत्व देत नाहीत. दिलेच तर त्यातून अनर्थ होतो.

दुसऱ्या भागात, ‘फॉरबिडन वेस्ट’मध्ये (२०२२), फॅरोच्या बंकरचे नाव थीब्ज आहे. थीब्ज दोन होती, एक ग्रीसमधले, ईडिपसचे, आणि दुसरे इजिप्तमधले, ज्याला इलियडमध्ये शंभर दारांचे म्हटले आहे. हे इजिप्तचेच, आत सगळी सजावट तशीच आहे. पण तिथे त्याचे जे होते ते ग्रीक कथेतले आहे.

दुसरीपाळी

@गोदाकाठ, तुम्ही टिथोनसबद्दल म्हणताय ना? पहाटेची देवी ईऑस त्याच्यासाठी झ्यूसकडे अमरत्व मागते आणि तारुण्य मागायचं विसरते. तो म्हातारा होत जातो, होत जातो, हातपाय हलेनासे होतात, शेवटी ती त्याला एका खोलीत ठेवून दारं लावून घेते. आतून फक्त त्याची बडबड ऐकू येत राहते. फॅरोचं डिट्टो तेच. हजार वर्षं बंद खोलीत, माणसाचा आकारही उरला नाही. खेळात आपल्याला तो दाखवत नाहीत, बघणाऱ्यांचे चेहरे दाखवतात आणि आवाज ऐकवतात. मी रात्रपाळी करून आलो होतो, सकाळी सात वाजता ते बघितलं, झोप लागली नाही.

फॅरोच्या यंत्रांसाठी माझ्याकडे अजून एक नाव आहे: एरिसिक्थॉन. या राजाने डिमीटरच्या राईतलं झाड तोडलं. जुन्या ग्रीक काव्यात तो म्हणतो, मला मेजवानीचा दिवाणखाना बांधायचाय, लाकूड हवं. डिमीटर त्याला भुकेचा शाप देते. जितकं खाईल तितकी भूक वाढते. ओव्हिड सांगतो की तो घरदार खातो, पोटची मुलगी विकून खातो आणि शेवटी स्वतःचेच लचके तोडतो. जिवंत रान खाऊन चालणारी ती यंत्रं म्हणजे तोच शाप. आणि झाडं परत लावायचं काम मिळालं कुणाला? डिमीटरलाच.

निळाडोंगर

@दुसरीपाळी, एरिसिक्थॉनला माझ्याकडून +१००. हे मला सुचायला हवं होतं, ओव्हिडचा आठवा भाग शेजारीच पडला होता. मूळ लेखात मी फॅरोला झ्यूस म्हटलं, तेही आता अर्धवट वाटतंय. अपोलो पुसताना तो झ्यूस आहे, पण त्याआधी आणि त्यानंतर एरिसिक्थॉन. दिवाणखान्यासाठी राई तोडणारा.

कृत्तिका२७

सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं. एक विचारू का? हे सगळं आपल्या प्रलय, कल्प, मनू या कल्पनांशी जास्त जुळत नाही का? पुसून पुन्हा सुरू करणारा हेडीस म्हणजे सरळ संहारकर्ता वाटतो. मनूची नावही आहेच.

निळाडोंगर

@कृत्तिका२७, विचारा की, त्यासाठीच धागा आहे. हेडीसच्या कामाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. पुन्हापुन्हा सृष्टी पुसून नव्याने मांडणं ही कल्पना ग्रीकांपेक्षा आपल्याकडे जास्त ठसठशीत आहे. हेसिअडकडे सोन्याचं, रुप्याचं, काशाचं, वीरांचं आणि लोखंडाचं अशी पाच युगं आहेत, पण ती फिरून येतील असं तो सांगत नाही.

मनूचं मात्र नाही जुळत. शतपथ ब्राह्मणात मनू स्वतः वाचतो, मासा त्याची नाव ओढून नेतो, आणि त्याच्यापासून पुढची प्रजा होते. वंशाचा धागा तुटत नाही. होरायझनमध्ये तो तुटतो. कुणीच वाचत नाही, नावेत कुणी नसतं. माणसं दगडातूनच यावी लागतात. म्हणून मी ड्यूकॅलियनच्या कथेतल्या पेटीवर नाही, दगडांवर अडून बसले आहे.

पाटीपेन्सिल

मी बालवाडीत शिकवते. ग्रीक पुराण मला फारसं माहीत नाही, हा खेळ भाच्याबरोबर बसून पाहिला. अपोलोबद्दल लिहायचं आहे.

एलुथियाच्या केंद्रात मुलं जन्मली, त्यांना वाढवायला माणसाच्या आकाराची यंत्रं होती. त्यांना अंघोळ घालता येत होती, खाऊ घालता येत होतं, लहान मुलांची गाणी शिकवता येत होती. पुढचं सगळं अपोलो शिकवणार होता. अपोलोच नाही. म्हणून ती मुलं वाढली, मोठी झाली, दाढीमिशा फुटल्या, आणि तरी बालवाडीच्याच वर्गात बसून राहिली. त्या खोलीत लहान मुलांची चित्रं अजून भिंतीवर आहेत. बंद दारामागे काय आहे ते विचारत राहिली, यंत्रांना उत्तर देता येईना. शेवटी अन्नसाठा संपला आणि दारं उघडून त्यांना रानात सोडून दिलं.

फॅरो म्हणतो निष्पाप राहू देत. मी रोज वीस निष्पाप मुलांबरोबर असते. चार वर्षांचं मूल दिवसातून शंभर वेळा ‘का’ विचारतं. त्या ‘का’ला उत्तर न मिळणं म्हणजे निष्पापपणा नाही, ती उपासमार आहे. तुमच्या प्रोमेथियसच्या कथेत झ्यूसने विस्तव काढून घेतला तेव्हा माणसं थंडीने कुडकुडली असतील, तशीच ही. मग त्यांनी दाराच्या आवाजालाच देवीचा आवाज मानलं. दुसरं काय करणार होती?

भाचा विचारत होता, मावशी, त्यांना कुणीच सांगितलं नाही का? मला रडू आलं.

रानवाट

@पाटीपेन्सिल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

पहिल्या प्रतिसादातला माझा मुद्दा मागे घेतो. कढई आणि एलुथिया ही दोन कारणं पुरेशी आहेत. त्यावर एक भर घालतो. हेसिअडच्या ‘थिओगनी’त क्रोनस आपली मुलं जन्मताच गिळतो. झ्यूस जन्मतो तेव्हा गायाच त्या बाळाला उचलते, रात्रीच्या अंधारात क्रीटला नेते, आणि दाट रानातल्या डोंगरात खोल गुहेत लपवते. पुढे तोच मुलगा गिळणाऱ्याला हरवतो. खेळात हेडीस सगळं गिळायला निघाल्यावर गाया स्वतःचा स्फोट करून घेते, पण त्याआधी एक शेवटची आज्ञा देते: डोंगराच्या आत एक बाळ घडवा. अलॉय. इथे नावसुद्धा बदललेलं नाही, गायाच. फरक एवढाच की हेसिअडची गाया मरत नाही. ती कारस्थानी आहे, पुढे झ्यूसवरही टायफॉन हा राक्षस सोडते. एलिझाबेटच्या गायाकडे माया आहे, आणि ती त्या मायेपायी जाते.

निळाडोंगर

@रानवाट, हा या धाग्यातला सर्वांत नेमका मुद्दा आहे. ड्यूकॅलियनचे दगड, एलुथियाची गुहा आणि झ्यूसची गुहा, तिन्ही ठिकाणी डोंगराच्या पोटातून नवं आयुष्य बाहेर येतं, आणि अलॉय तिन्हींची आहे.

टॉलनेक

दुसऱ्या भागाबद्दल कुणी लिहिणार आहे का? ओडिसी नावाच्या जहाजातून पळालेले श्रीमंत आणि त्यांच्या मागे लागलेली नेमेसिस, यावर वेगळा लेख होईल. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

निळाडोंगर

होईल, पण दुसरा भाग पुन्हा खेळल्याशिवाय लिहिणार नाही. आत्ता एवढंच सांगते की ते नाव मला फार कडवट वाटतं. ओडिसियस बायकोमुलाकडे परततो. हे हजार वर्षांनी परततात ते घर लुटायला. आणि नेमेसिस ही ग्रीकांकडे मर्यादा ओलांडणाऱ्याच्या मागे येणारी देवी, ती त्यांनी स्वतःच्याच मनांच्या नकलांतून जन्माला घातलेली.

एक प्रसंग मूळ लेखात राहून गेला. एलिझाबेट गायाला आपल्या लहानपणाची आठवण सांगते. शेतावर काहीतरी प्रयोग करताना तिच्या हातून आग लागते, एक झाड जळतं आणि त्यातली पक्ष्यांची पिल्लं मरतात. ती आईला सांगते की मला काही वाटत नाही. आई तिचा चेहरा दोन्ही हातांत धरते आणि सांगते की वाटायलाच हवं, हुशारी जगाच्या कामी आली नाही तर तिला अर्थ नाही. ज्याने अग्नी दिला त्याच्या हातून आधी काय जळालं हे ग्रीक कथा सांगत नाही. या खेळाने ते सांगितलं.

चांदणवेल

आणि शेवटचं दृश्य? अलॉय त्या शेतावर जाते. बाकावर एलिझाबेटचं शरीर अजून तसंच बसलेलं, संरक्षक पोशाखात, हातात पृथ्वीचा छोटासा गोल. भोवती फुलंच फुलं.

डिमीटरच्या जुन्या स्तोत्रात सुरुवातीलाच एक फूल येतं. डिमीटरची मुलगी पर्सेफनी कुरणात फुलं वेचत असते. तिला भुलवायला, हेडीसच्या मर्जीसाठी, गाया एक नार्सिसस उगवते, एका मुळातून शंभर फुलं. मुलगी दोन्ही हात पुढे करते आणि जमीन फाटते. तिथे गायाचं फूल म्हणजे सापळा.

इथे अलॉय त्या फुलांतून चालत बाकापर्यंत जाते, गुडघ्यांवर बसते आणि एलिझाबेटच्या हातातला तो गोल आपल्या हातात घेते. जमीन फाटत नाही.